पुणे महापालिकेकडे घरांचं धोरण आहे का?

सिंहगडरोडकर

महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासक होता. जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली. प्रचारात माझ्या हातात जी पत्रकं पडली त्यांत पाणी, वाहतूक कोंडी, खड्डे, नदीकाठ सगळं होतं. घरांचा उल्लेख होता तो फक्त 'झोपडपट्टी पुनर्वसन' एवढाच.

आमच्या सोसायटीतला वॉचमन किरकटवाडीच्या पुढे एका गुंठेवारीतल्या खोलीत राहतो. बायकोची आई ज्या दवाखान्यात असते तिथल्या नर्सताई चौघीत एक वन बीएचके घेऊन राहतात. माझ्या ऑफिसातला तीस हजार पगाराचा मुलगा लग्न ठरलं म्हणून घर शोधतोय आणि दर रविवारी आणखी एक गाव लांब सरकतोय. हे कोणी झोपडपट्टीत राहत नाहीत, म्हणजे त्यांचा विषय एसआरएकडे (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे) नाही. बिल्डरच्या ब्रोशरमध्येही ते नाहीत.

माझा प्रश्न सरळ आहे. पुढच्या दहा वर्षांत या शहराला किती घरं लागतील, कुठल्या उत्पन्नाच्या माणसांना, कुठल्या भागात, आणि त्यातली भाड्याची किती, हे महापालिकेत कोण ठरवतं? 'डीपी आहे की' असं कृपया म्हणू नका. डीपी, म्हणजे विकास आराखडा, कुठे काय बांधता येईल ते सांगतो. कोणासाठी, ते सांगत नाही.

चहाटळ

डीपी आहे की.

पेठेतला पक्का

चहाटळ :-))

कोण ठरवतं? कोणीच नाही. जुन्या हद्दीचा १९८७ चा आराखडा संपून पुढचा यायला २०१७ उजाडलं. मधे मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातातून काढूनच घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. म्हणजे ज्या कागदाला तुम्ही 'कोणासाठी ते सांगत नाही' म्हणताय, तोसुद्धा पुण्याने स्वतः पुरा केलेला नाही.

मृण्मयी क

मी नगररचनेत काम करते (खासगीत, महापालिकेत नाही, त्यामुळे शिव्या घालताना संकोच करू नका).

सिंहगडरोडकर, तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'तुकड्यातुकड्यांत ठरतं' असं आहे. झोपडपट्टीचं काम एसआरए बघते, ते प्राधिकरण २००५ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हींसाठी आहे. सोडतीची घरं म्हाडाकडे. २०२१ साली हद्दीत आलेल्या २३ गावांचं नियोजन तेव्हा पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिलं. बांधकामाचे नियम राज्याचे, डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर ही एकत्रित नियमावली. पंतप्रधान आवासचे पैसे केंद्राचे आणि राज्याचे. महापालिकेच्या हातात उरतं काय? नकाशे मंजूर करणं, शुल्क घेणं आणि नंतर पाणी पुरत नाही म्हणून टँकर पाठवणं.

दुसरी गोष्ट 'किती घरं लागतील' याबद्दल. २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी भारतातली टंचाई १.८८ कोटी घरांची काढली होती. त्यातली ९६ टक्के टंचाई आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतली. लोक फार वेळा विसरतात ते पुढचं: त्यातली जवळजवळ ८० टक्के कुटुंबं बेघर नव्हती, दाटीवाटीने राहत होती. एका खोलीत दोन संसार, पडदा लावून. आणि त्याच सुमाराला, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरांत १.११ कोटी घरं रिकामी होती. तेव्हा 'आणखी बांधा, आपोआप स्वस्त होतील' हे गणित इतकं सरळ नाही.

चौथा मजला

मृण्मयीताई, रिकामी घरं दाखवून बिल्डरला झोडपायची सोय झाली. आम्ही लहान बिल्डर. पेठांत आणि कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत पुनर्विकास करतो. जमीन, प्रीमियम, विकास शुल्क, टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क), मग ग्राहकाच्या डोक्यावर मुद्रांक शुल्क आणि त्यात मेट्रोचा १ टक्का अधिभार. या सगळ्यातून तीस लाखाचा फ्लॅट कसा निघेल ते कुणी कागदावर मांडून दाखवा, मी उद्या बांधतो.

आणि सक्ती म्हणाल तर आहेच की. चार हजार चौरस मीटर आणि वरच्या भूखंडावर २० टक्के छोटी घरं द्यावीच लागतात.

सिंहगडरोडकर

हे २० टक्क्यांचं कुणी नीट सांगेल का? ऐकून आहे, दिसत कुठे नाही.

लॉटरीवीर

मी दिसतो :-) त्याच २० टक्क्यांतल्या घरात बसून लिहितोय.

नियम नोव्हेंबर २०१३ चा. दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरात मोठा प्रकल्प असेल तर ३० ते ५० चौरस मीटरची घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी काढायची, म्हाडा सोडत काढणार, किंमत सरकारी बांधकाम दराला बांधलेली. बदल्यात त्या घरांचं क्षेत्र एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधता येतं त्या मर्यादेत) मोजत नाहीत, त्यामुळे बिल्डरचं अगदी नुकसान होतं असं नाही, चौथा मजला साहेब.

आता आतली गोष्ट. आमची इमारत प्रकल्पाच्या मागच्या कडेला, नाल्याला लागून. मुख्य गेटमधून आमचा रस्ता नाही, बाजूच्या गल्लीतून वेगळं गेट. पुढच्या टॉवरला तीन लिफ्ट, आम्हाला एक, आणि ती बंद पडली की दुरुस्तीचं बिल कुणी द्यायचं यावर बैठक. क्लबहाऊस आमच्यासाठी नाही हे ताबा घेतानाच सांगितलं होतं, त्याचं दुःख नाही. पण मुलं पुढच्या बागेत खेळायला गेली की सिक्युरिटी 'कुठल्या विंगचे?' असं विचारतो. पाच वर्षांच्या पोराला विंग माहीत असते, त्यामागचा अर्थ अजून माहीत नाही.

तरीही सांगतो, हे घर नसतं तर मी आज चाकणच्या पलीकडे असतो. बायको औंधला नोकरी करते, पोरगा चालत शाळेत जातो. त्यामुळे योजनेला शिव्या देणाऱ्यांनी जरा जपून.

पेठेतला पक्का

लॉटरीवीर, अभिनंदन आणि हळहळ दोन्ही एकदम.

बाकी चार हजारचा नियम म्हटला की ३,९०० चे भूखंड उगवतातच. नाशिकमध्ये याच २० टक्क्यांवरून २०२२ साली विधिमंडळात केवढा गदारोळ झाला होता. घरं म्हाडाकडे आलीच नाहीत असा आरोप होता, आयुक्तांची बदली झाली.

चौथा मजला

सगळे तसे नसतात एवढंच म्हणतो.

चहाटळ

सगळे ३,९०० चे नसतात, काही ३,९९० चेही असतात.

शुभदा ताई

मी दुसऱ्या बाजूने बोलते, मला झोडपा हवं तर. आमचा एक फ्लॅट कर्वेनगरला रिकामा आहे. मुलगा बाहेर, आम्ही इथे. भाड्याने का देत नाही असं सगळे विचारतात.

पहिलं कारण महापालिकेचंच. स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत. ती मधे काढली होती, २०२३ मध्ये परत आली. तेव्हा आम्ही सवलतीचा पीटी-३ अर्ज, सोसायटीचं पत्र, गॅसचं कार्ड असं सगळं घेऊन रांगेत उभे होतो. भाडेकरू ठेवला की सवलत गेली. बंद ठेवलं तर निदान विचारायला कोणी येत नाही. दुसरं, अकरा महिन्यांचा करार, नोंदणी, पोलीस पडताळणी, दलालाचं एक भाडं, पुन्हा अकरा महिन्यांनी तेच. तिसरं, भीती. माझ्या सासऱ्यांचा शनिवारातला वाडा भाडेकरूंसकट ज्या भावात गेला ते आठवलं की अंगावर काटा येतो. कायदा बदललाय, मान्य. पण भीती कायदा वाचत नाही.

मृण्मयी क

शुभदाताई, झोडपत नाही, उलट तुम्ही धाग्याचा मुद्दाच सांगितलात. शहराला भाड्याची घरं हवीत म्हणायचं आणि भाड्याने देणाऱ्याचा कर वाढवायचा. हे महापालिकेच्या अगदी हातातलं आहे. यासाठी ना दिल्लीला जावं लागत ना मंत्रालयात... बरं, सवलतीच्या नियमासाठी मंत्रालयात जावं लागतंच, पण मागणी तरी सभागृहातून जाऊ शकते. छोट्या घराला, भाडं अमुक मर्यादेखाली असेल तर, स्वतः राहिल्यासारखाच कर लावा. एवढं कुणी मागितलेलं मी ऐकलं नाही.

पेठेतला पक्का

वाड्याचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे भाडेकरू महिना सत्तावीस रुपये द्यायचे आणि पावती मागायचे. पावती देताना आजोबांचा हात थरथरायचा, म्हातारपणाने नव्हे. एवढं असूनही सांगतो, त्या वाड्यात शिंपी, पोस्टमन, प्राध्यापक आणि एक तबलजी एका नळावर पाणी भरायचे. आज त्या जागी जी इमारत आहे तिथे चार डॉक्टर आणि दोन बंद फ्लॅट.

चहाटळ

तबलजीचं काय झालं?

पेठेतला पक्का

बिल्डरकडून फ्लॅट घेतला, विकला, मुलाकडे बाणेरला गेले. रियाजाला सोसायटीची परवानगी नाही म्हणतात.

जनवाडीचा राजा

पुण्याने हे काम कधी केलंच नाही असं मात्र लिहू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर हे शहर आणि सरकार मिळून गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर असे अख्खे भाग उभे राहिले. आमच्याकडे अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट होत्या. उन्हाळ्यात आत भाजायचं, पावसात शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. पण जागा शहरात होती. आई चालत डेक्कनला कामाला जायची. पुढे लोकांनी ऐपतीप्रमाणे भिंती घातल्या, माळा चढवला, वर स्लॅब टाकला. आज तिथली तिसरी पिढी इंजिनियर आहे.

तेव्हा कुणी सर्वेक्षण वगैरे केलं होतं का ते माहीत नाही. संकट डोळ्यांना दिसत होतं एवढं खरं. आत्ताचं दिसत नाही, कारण ते रोज सकाळी दुचाकीवर बसून तीस किलोमीटरवरून येतं आणि रात्री परत जातं.

सिंहगडरोडकर

राजे, शेवटचं वाक्य आमच्या नगरसेवकांना पाठवतो, तुमच्या परवानगीने.

येरवडेकर

जनवाडीच्या राजाने लिहिलं तसंच येरवड्यात झालं, आणि तेही अलीकडे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम अभियानातल्या, शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेत महापालिकेने दोन रस्ते एकाच वेळी घेतले होते. एकीकडे वारजे आणि हडपसरला इमारती बांधून लोक हलवायचे. दुसरीकडे येरवड्यातल्या वस्त्यांत आहे त्याच जागी घर पाडून पक्कं बांधून द्यायचं, २७० चौरस फूट, कुटुंबाचा १० टक्के वाटा. आमच्या मावशीचं घर त्यात झालं. महिला मिलन या वस्तीतल्या संघटनेच्या बायका घरोघर फिरून मापं घेत होत्या. कुणाची जागा दीडशे फूट, कुणाची चारशे. मग दोन-तीन शेजारी एकत्र येऊन सामायिक भिंतीची छोटी इमारत उभी करायचे. मावशीने हट्ट केला की जिना बाहेरून हवा, कारण खाली शिलाई मशीन आणि वर राहायचं. आर्किटेक्टने तसा काढून दिला. ज्यांची कच्ची घरं होती तेवढीच पाडली, पक्क्यांना हात लावला नाही, त्यामुळे गल्ल्या तशाच राहिल्या.

वारजे-हडपसरच्या इमारतींत गेलेले आमचे ओळखीचे लोक काय म्हणतात? फ्लॅट चांगला, काम लांब. एक-दोन जण भाड्याने देऊन परत येरवड्यात भाड्याने राहायला आले. मग पेपरात बातमी, 'लाभार्थ्यांनी घरं भाड्याने दिली'. अहो, रोज दोन बस बदलून धुणीभांडी करायला कोण येणार?

मृण्मयी क

येरवडेकर, हा प्रकल्प आमच्या अभ्यासक्रमात होता, पण जिन्याची गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. धन्यवाद.

गिरणगावकर

मुंबईहून डोकावतोय. तुमच्याकडे जागा तरी आहे राव.

आमच्याकडे १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याच्या बीआयटी चाळी. मग १९२० च्या दशकात बीडीडी चाळी. दोन्ही भाड्याच्या, दोन्ही सरकारी पैशाच्या, शंभर वर्षं कामगार राहिला. वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्या, ५०० चौरस फूट, फुकट, मालकीची. रहिवाशांना मिळालं त्याचा आनंदच आहे, माझा मामा त्यात आहे. पण एक विचारतो: उद्या गावाहून नवा पोरगा मुंबईत कामाला आला तर त्याच्यासाठी बीडीडी कुठली? भाड्याची सरकारी खोली ही वस्तूच संपली. जे आधी आले त्यांना मालकी, जे नंतर आले त्यांना विरार.

ब्रमकर

मी बर्मिंगहॅमला असतो. इथल्या सिटी कौन्सिलकडे अजून साठ हजारांच्या आसपास स्वतःची भाड्याची घरं आहेत. गरजेप्रमाणे नोंदणी, नोंदणीत गरजेनुसार गट, आणि घर रिकामं झालं की पात्र लोक ऑनलाइन बोली लावतात. बोली पैशांची नाही, 'मला हे हवं' एवढंच. सर्वांत जास्त गरजू आणि सर्वांत जास्त थांबलेला पुढे.

ऐकायला छान वाटतं, पण गिरणगावकरांची गोष्ट इथेही घडली आहे. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपलं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. घरं गेली, तेवढी परत बांधली नाहीत. तुमच्या २० टक्क्यांचा इथला भाऊ म्हणजे बिल्डरशी करार करून स्वस्त घरं घेणं. बर्मिंगहॅमचं लक्ष्य ३५ टक्के. मग बिल्डर हिशोब आणून दाखवतो की परवडत नाही, आणि आकडा खाली येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये तर कौन्सिलनेच हात वर केले, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद.

फरक एकच. इथे कौन्सिलला पुढची किती घरं लागणार याचा आकडा आराखड्यात लिहावा लागतो आणि पाच वर्षांची जमीन दाखवावी लागते. आकड्यावर भांडणं होतात, पण भांडायला आकडा असतो.

सिंहगडरोडकर

हेच, हेच मला म्हणायचं होतं, ब्रमकर. भांडायला आकडा.

चौथा मजला

आकडा काढला तरी जमीन कुठून आणणार? टेकड्यांवर बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण), नदीला पूररेषा, लष्कराची हद्द, गावठाणांत रस्ते नाहीत.

पेठेतला पक्का

टेकडीकडे नजर गेलीच. बिल्डरचं होकायंत्र उत्तर नाही, चढ दाखवतं.

चौथा मजला

मी टेकडी मागितली नाही काका. मी म्हणतो मेट्रोच्या ५०० मीटरांत ४ पर्यंत एफएसआय दिलाय ना, मग तिथे मोठ्या फ्लॅटऐवजी छोटे बांधले तरच तो द्या. आम्हाला चालेल. पण नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, मोठ्याला वेगळा नको.

लॉटरीवीर

+१. चौथा मजला यांच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

शुभदा ताई

महापालिकेने स्वतः बांधलेली घरंही आहेत ना? आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीला वडगाव खुर्दला मिळालं.

मृण्मयी क

हो, पंतप्रधान आवासमधली. वडगाव खुर्द, खराडी, हडपसर मिळून २,६५० हून जास्त, १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते चाव्या दिल्या. ३० चौरस मीटर चटई, केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकी कुटुंबाचे. चांगलं काम. पण २०११ मध्येच ३१ लाख लोकसंख्या असलेल्या आणि त्यानंतर ३४ गावं पोटात घेतलेल्या शहरात (फुरसुंगी-उरुळी परत बाहेर काढली ते सोडा) अडीच हजार घरं म्हणजे समुद्रात खसखस. आणि तीही सगळी मालकीची. ज्याला बँक कर्ज देत नाही, ज्याच्याकडे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नाही, तो रांगेतच नाही.

राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मे २०२५ मध्ये मंजूर झालं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, त्यात भाड्याची, नोकरदार बायकांची, विद्यार्थ्यांची, ज्येष्ठांची असे सगळे शब्द आहेत. त्यातला पुण्याचा वाटा किती आणि कुठल्या जमिनीवर, हे सभागृहात विचारता येईल.

येरवडेकर

आणि आंबिल ओढा विसरू नका. २०१९ च्या सप्टेंबरात पूर आला, ओढा सरळ करायचं ठरलं, २०२१ च्या जूनमध्ये भर पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला जेसीबी गेले. कोर्टाने थांबवलं. पर्यायी घर आधी आणि पाडणं नंतर, एवढा क्रम पाळला असता तर निम्मं भांडण झालं नसतं.

चहाटळ

क्रम पाळायला धोरण लागतं. आलो ना मूळ प्रश्नावर? बक्षीस द्या.

सिंहगडरोडकर

चहाटळला एक मिसळ माझ्याकडून.

बरं, कामाचं बोलू. जुन्या बांधकाम नियमांतल्या आर-७ या नियमाखाली, महापालिकेला बिल्डरांकडून फ्लॅट मिळालेले आहेत. काहींत प्रकल्पग्रस्त राहतात. माझं म्हणणं, भाड्याच्या घरांची सुरुवात तिथूनच करा, जमीन नको, बांधकाम नको. पण आधी यादी हवी. माहिती अधिकारात विचारतो: असे फ्लॅट किती, कुठे, किती रिकामे, भाडं किती, थकबाकी किती. शिवाय २० टक्क्यांखाली किती प्रकल्प पात्र ठरले आणि किती घरं म्हाडाला गेली. शिवाय डीपीत दुर्बल घटकांच्या घरांची आरक्षणं किती आणि त्यातली ताब्यात किती.

मृण्मयी क

एका अर्जात घालू नका. महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज, एक विषय, १५० शब्द. तीन वेगळे करा. फ्लॅटचा मालमत्ता व्यवस्थापन विभागाला, २० टक्क्यांचा बांधकाम विभागाला आणि तेच प्रश्न म्हाडाच्या पुणे मंडळाला, म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते कळेल. आरक्षणांच्या अर्जात राज्याच्या नगररचना कायद्यातल्या कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या तेही विचारा. वेळेत जमीन घेतली नाही तर मालक ती नोटीस देऊन आरक्षण उठवून घेतो, आणि हे गुपचूप होतं.

पेठेतला पक्का

प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा, आणि पोच घ्या. शिक्का तारखेसकट. आमच्या वाड्याच्या प्रकरणात एक पोच नव्हती, ती फाईल अजून 'शोधणे चालू' आहे.

लॉटरीवीर

म्हाडाचा अर्ज मी टाकतो, ऑफिस माझ्या वाटेवर आहे. मसुदा इथे डकवा.

सिंहगडरोडकर

पहिला लिहिला. १८३ शब्द झालेत. कोण कापून देतंय?

चहाटळ

'मा. महोदय, सविनय सादर' पासून सुरुवात करू या. तिथेच वीस जातील.